'मोइरा' म्हणजे विधिलिखित नव्हे

प्रश्न असा आला आहे: होमरच्या महाकाव्यांतल्या 'मोइरा' या ग्रीक शब्दाला मराठीत 'विधिलिखित' म्हणावं की 'नियती'?

दोन्ही नको, आणि 'विधिलिखित' तर मुळीच नको. कपाळावर लिहिणारी सटवाई आपली. होमरकडे जन्मवेळी माणसाच्या वाट्याचं सूत कातलं जातं, लिहीत कोणीच नाही. तरीही 'होमरची माणसं म्हणजे देवांच्या हातातली बाहुली' हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता वैताग येतो.

मोइराचा साधा अर्थ वाटा. 'ओडिसी'च्या चौदाव्या सर्गात डुकरं राखणारा युमेयस पाच वर्षांचा डुक्कर कापतो, भाजतो आणि त्याचे सात वाटे करतो. एक वाटा अप्सरांना आणि हर्मिस या देवदूताला, बाकीचे जेवायला बसलेल्यांना, आणि पाठीचं लांबलचक मांस मानाचं म्हणून पाहुण्याला. या 'वाटे करण्या'साठी होमरनं वापरलेलं क्रियापद मोइरापासूनच झालं आहे. 'इलियड'मध्ये समुद्रदेव पोसायडन चिडून म्हणतो की त्याचा भाऊ, देवांचा राजा झ्यूस यानं आपल्या तिसऱ्या हिश्श्यात राहावं. तिथंही शब्द मोइराच. तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून आकाश, समुद्र आणि पाताळ वाटून घेतलं होतं ना!

आता आपले शब्द बघा. 'भाग्य' आलं 'भाग'वरून, 'भाग' आला 'भज्' म्हणजे वाटणे या धातूवरून. 'नशीब' अरबी, मूळ अर्थ हिस्सा. 'किस्मत'ही अरबी, मूळ अर्थ वाटणी. आणि याहून गोड गोष्ट म्हणजे ग्रीकमधलं 'फागेइन', खाणे, हे आपल्या 'भज्'चं सख्खं भावंड आहे. मोइराचा धातू वेगळा, पण कल्पना तीच. माझं तर ठाम मत आहे की नशिबाची कल्पना माणसाला आकाशाकडे बघून सुचलेली नाही. ती पंगतीत सुचली, सुरी दुसऱ्याच्या हातात असताना. आपणही अजून 'दुःख वाट्याला आलं' असंच म्हणतो.

ब्रुनो स्नेल या जर्मन पंडितानं १९४६ साली मांडलं की होमरच्या माणसाला स्वतःचा निर्णय असा नसतोच. मला हे अजिबात पटत नाही. 'इलियड'च्या पहिल्या सर्गात ग्रीक वीर अकिलीस तलवार उपसत असताना अथेना देवी मागून त्याचे केस धरते, पण म्हणते काय? 'ऐकशील तर.' नवव्या सर्गात त्याच्यापुढे दोन मरणं आहेत: ट्रॉयच्या युद्धात थांबून कीर्तीचं, किंवा घरी जाऊन म्हातारपणीचं. निवड त्याची. 'ओडिसी'च्या आरंभीच झ्यूस तक्रार करतो की माणसं आम्हाला दोष देतात, पण आपल्याच उद्दामपणानं वाट्याच्या वर दुःख ओढवून घेतात. अगामेम्नॉन राजाचा खून करून त्याची बायको बळकावणाऱ्या एगिस्थसला हर्मिसनं आधी बजावलं होतं, तरी त्यानं ऐकलं नाही. 'लिहिलेल्या'च्या वर काही होत नसतं. वाट्याच्या वर होतं.

म्हणून 'वाटा' लिहा, 'भाग' लिहा, मरणाबद्दल असेल तर 'वाट्याला आलेलं मरण' लिहा. 'इलियड'च्या एकोणिसाव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन, अकिलीसची बंदी स्त्री हिसकावून घेतल्याबद्दल बोलताना, हीच मोइरा पुढे करतो: दोष माझा नाही, झ्यूसचा, मोइरेचा आणि धुक्यातून वावरणाऱ्या एरिनिस या सूडदेवतेचा. आणि लगेच भरपाई देऊ करतो. सात तिवया, वीस कढया, बारा घोडे आणि दहा टॅलेंट (जुनं वजनाचं माप) सोनं, सगळं सभेसमोर मांडून.