सुवार्तेचं काम करताना हाल सोसावे लागतात, त्यात हसू कुठून येतं?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: मिशनरी म्हणून खेड्यात हालात राहताना विनोद कसा सापडतो, आणि लोकांच्या दुःखाशेजारी हसणं बरं दिसतं का? २०१५-१६ च्या दुष्काळात मी लातूर जिल्ह्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रचारक होतो. तिथलंच सांगतो.

त्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी पोचली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याआधी शहरात पाण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. आमच्या गावाला टँकर यायचा, तोही रात्री-अपरात्री. आडात पाणी सोडून निघून जायचा. मग दोरी-पोहरा घेऊन सगळं गाव आडावर. शेंदून शेंदून तळहाताला वळ उठायचे, आणि पोहरा वर येईपर्यंत अर्धा गाळानं भरलेला.

पहिल्या महिन्यात मी आडावर गेलो की बाया पदर सावरून गप्प व्हायच्या. पास्टर आले ना! मी रोज नंबर लावायला लागलो, म्हाताऱ्यांच्या घागरी पोचवायला लागलो, तेव्हा कुठं त्यांची आपसातली थट्टामस्करी माझ्यासमोर सुरू झाली. ती आधीपासून चालूच होती, फक्त मला ऐकायला मिळत नव्हती. विनोद सापडतो कसा, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

एका रविवारी उपासनेत मी काना गावचं लग्न घेतलं होतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. दगडी सहा रांजण, एकेकात दोन-तीन मण पाणी मावेल एवढे, ते चाकरांनी काठोकाठ भरले आणि प्रभू येशूनं त्याचा द्राक्षारस केला. पुढंच बसलेल्या एका आजीनं हात वर केला.

"पास्टर, थांबा जरा. सहा रांजण भरले म्हंता, पाणी कुठून आणलं? टँकर आल्तं का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडं उलटं करा म्हणावं देवाला. रसाचं पाणी!"

मंडळी पोट धरून हसली. मीही हसलो, आणि मग पुढचं वचन वाचताना थबकलो. रस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळलं नाही, पण पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं, असं तिथं लिहिलंय. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल! त्या दिवशी वळ उठलेल्या हातांत पुस्तक धरून पहिल्यांदा वाचलं. तयार केलेला उपदेश बाजूला ठेवला आणि त्या चाकरांवरच बोललो.

मराठवाड्याला हे नवीन नाही. पैठणच्या नाथांनी भारुडात विंचू चावल्याचं सोंग आणून लोकांना हसवलं आणि हसता हसता काम-क्रोधाचा विंचू दाखवला. आमच्या कामात मात्र गंभीर चेहरा म्हणजे भक्ती अशी समजूत फार आहे. मला ती पटत नाही.

आमच्याकडं बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, पाण्यात बुडवून देतात. त्या साली दोघांचे बाप्तिस्मे पाण्याअभावी लांबले. सप्टेंबरअखेर असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. ओढ्याच्या काठावर तीच आजी उभी. "आता बुडवा पायजे तितकं!"

आता दुसरा भाग. त्याच काळात एका शेतकऱ्यानं जीव दिला होता. त्याच्या घरी आपण होऊन हसवायला जाऊ नये, सांत्वनाची घाईसुद्धा करू नये. तीन दिवस मी त्याच्या आईशेजारी ओसरीवर नुसता बसून होतो. चौथ्या दिवशी तीच बोलायला लागली. लहानपणी आंघोळ म्हटलं की हा रिकाम्या कणगीत जाऊन लपायचा. एकदा झोपलाच आतमध्ये, आणि सगळी आळी विहिरी धुंडाळत फिरली. बाहेर आला तो अंगभर ज्वारीचा भुसा लागलेला. सांगताना तिला हसू आलं, हसता हसता ती रडायला लागली, आणि तिचं बघून मीही दोन्ही केलं. शेजारणीनं काळा चहा आणून ठेवला. त्या आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "करा आता प्रार्थना."