सही करा, पण फॉर्मवर मोबाईल नंबर कोणाचा टाकला ते आधी पाहा

दिग्रसकडच्या भाऊंची पोस्ट वाचली. दोन वर्षांचा पोरगा, टीओएफ निघालं (जन्मतःच हृदयात छिद्र आणि फुफ्फुसाकडची वाट अरुंद, त्यानं लेकरू निळं पडतं), नागपूरला ऑपरेशन ठरलं, आणि तिथल्या मॅडम म्हणतात बऱ्याच दवाखान्यांचा मिळून अभ्यास चालू आहे, त्यात तुमच्या बाळाची माहिती टाकायची, सही करा. घरचे म्हातारे म्हणतात पोरावर प्रयोग करतील. वरून तालुक्याचा एक जण म्हणून राहिला की फाईल आमच्याकडे द्या, सगळं आम्हीच पाठवतो. हा शेवटचा मुद्दा वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो, कारण आमच्या पोराला हाच आजार होता आणि आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच झालं.

आरबीएसकेच्या, म्हणजे लेकरं तपासायच्या सरकारी योजनेच्या गाडीवाल्यांनी कसं पकडलं, महात्मा फुले योजनेत कसं बसवायचं, आरोग्यमित्र कुठं बसतो, हे मी सांगत नाही. ऑपरेशन ठरेपर्यंत पोचले म्हणजे ते सगळं तुम्ही करूनच बसले असाल. आणि मी डॉक्टर नाही, कापूस-तूरवाला माणूस आहे, औषध-गोळीचं मला विचारू नका.

सहीचं म्हणाल तर मॅडमना एवढंच विचारा की या अभ्यासानं माझ्या पोराच्या इलाजात काही बदलणार आहे, की जो इलाज होणारच आहे त्याची फक्त नोंद ठेवणार? फक्त नोंद असेल तर माझ्या मते डोळे झाकून नाही, पण वाचून सही करून टाका. नवीन औषध किंवा नवीन पद्धत तपासून पाहणार असतील तर ते ट्रायल झालं, मग कागद घरी आणा, शाळेतल्या सरांकडून वाचून घ्या, सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी आहे का विचारा, त्या अभ्यासामुळं काही बाधा झाली तर इलाजाचा खर्च कोण करणार हेही विचारा, त्याचे नियम २०१९ पासून पक्के आहेत. नाही म्हटलं तर ऑपरेशन थांबवता येत नाही, आणि आज हो म्हणून उद्या नाव काढून घ्यायचीही मुभा असते. कागद मराठीत मागायला लाजू नका. सध्या सही तुमचीच लागेल, पण सात वर्षांच्या पुढं पोराला पण विचारावं असं आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमात आहे. आमच्या पोट्ट्याला विचारलं तेव्हा त्यानं एकच गोष्ट विचारली, सुई टोचणार का. नाही म्हटल्यावर लगेच हो म्हणाला.

आता प्रयोगाची भीती. अहो बाप्पा, एका दवाखान्यात एकाच प्रकारची लेकरं वर्षाला येतात तरी किती? तेवढ्यावरून कोणालाच कळत नाही की आपलं काय चुकून राहिलं. अमेरिकेत अर्धंच हृदय वाढलेली बाळं पहिल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या मधात घरी असताना दगावायची, शंभरात ९.५ च्या आसपास. तिथल्या बऱ्याच दवाखान्यांनी मिळून नोंदी ठेवल्या, आईबापाला घरी वजनकाटा आणि ऑक्सिजन मोजायचं मशीन दिलं, वजन अडकलं की फोन, ऑक्सिजन उतरला की फोन, आणि काय करायचं हे ठरवायला आईबापाला पण सोबत बसवलं. तो आकडा ५.३ वर आला. (ते आपल्या टीओएफसारखं नाही, लय भारी आजार आहे, पण वजनाची गोष्ट आपल्यालाही कामाची. अंगणवाडीत काटा आहेच, दर महिन्याचं वजन लिहून घ्या.) आपल्यासारख्या देशांसाठी बोस्टनच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलनं असाच एक गट उभा केला. त्यांनी २०१० ते २०१२ मधल्या २८ दवाखान्यांच्या १५,०४९ केसेसचा हिशेब लावला, मृत्यू पण कमी झाले आणि इन्फेक्शन पण. केलं काय तर हात धुणं, ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी मिळून यादी तपासणं, सिस्टरला काही खटकलं तर तिनं मोठ्या डॉक्टरसमोर बोलणं. म्हणजे पोरावर काही केलं नाही, सुधरवलं ते दवाखान्यालाच. म्हाताऱ्यांना हे सांगून पाहा.

आता त्या फाईलचं. एक ऑफिस होतं, सरकारी की खाजगी तेही सांगत नाही, उगाच भानगड नको. शिबिरातल्या सगळ्या लेकरांच्या फाईली त्यांनी गोळा केल्या आणि फॉर्म त्यांनीच भरले. आणि संपर्काच्या रकान्यात सगळ्या लेकरांसमोर आपल्याच क्लार्कचा मोबाईल टाकून मोकळे झाले! आम्हाला तो फॉर्म कोणी दाखवलाच नाही. ऑपरेशन चांगलं झालं, घरी आलो, पुढच्या तपासणीसाठी फोन येईल म्हणाले. फोन कुठून येणार? त्या क्लार्कची बदली झाली आणि नंबर बंद. तिकडं दवाखान्याची सिस्टर बिचारी फोन लावून राहिली आणि आमच्या पोराच्या नावापुढं लिहून राहिली, संपर्क झाला नाही.

पोरगा शाळेतून येताना मधातच बसायला लागला तेव्हा आम्ही कोणाची वाट न पाहता सरळ नागपूर गाठलं. खिडकीतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. नाव बरोबर, गाव बरोबर, आणि नंबर असा की आमच्या सात पिढ्यात कोणाचा नाही. खालच्या ओळीत शेजारच्या गावची पोरगी, तिच्यासमोर पण तोच नंबर. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर फुफ्फुसाकडच्या झडपेची गळती वाढलेली आणि उजवा कप्पा मोठा झालेला. टीओएफच्या ऑपरेशननंतर ही गळती बऱ्याच लेकरांना राहते, काहींना पुढं मोठेपणी झडप बसवावी लागते, म्हणून तर जन्मभर तपासणी सांगतात. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय केलं तो कागद आणा, पॅच म्हणजे ठिगळ झडपेच्या आरपार लावला होता का ते पाहायचं आहे. ओरिजनल कुठं? त्या ऑफिसात. तिथं गेलो की साहेब दौऱ्यावर, स्टोअरची चावी दुसऱ्याकडं, अर्ज द्या, अर्जावर शिक्का नाही, मंगळवारी या. शेवटी दवाखान्याच्या रेकॉर्डमधून नक्कल निघाली म्हणून निभावलं, त्या ऑफिसातून आजपर्यंत एक कागद आला नाही.

आणि माझा राग फक्त फाईलवर नाही. असा नंबर बंद असलेला पोरगा अभ्यासाच्या हिशेबातून गळून जातो. मग उरतात कोण, ज्यांचा फोन लागतो ते, नागपूर-पुण्याचे. त्यांच्यावरून ठरवणार की ऑपरेशननंतर लेकरं कशी राहतात, आणि आर्णी-दिग्रसच्या पोराला वेचणीच्या दिवसात बाप कधी घेऊन येतो, यष्टी मिळते का, हे त्यात कुठंच येणार नाही. केरळनं २०१७ पासून हृद्यम नावानं सगळ्या अशा लेकरांची ऑनलाईन नोंदणी ठेवली आहे, ज्याला घाई त्याचा नंबर आधी. आपल्याकडं क्लार्कचा मोबाईल. जाऊ द्या.

तर भाऊ, नंबर स्वतःच्या हातानं लिहा, एक तुमचा, एक पोराच्या मामाचा किंवा आशाताईंचा, तिला विचारून. रिचार्ज संपलं की सिम बंद होतं तो नंबर देऊ नका. स्क्रीनवर टाकलेला नंबर वाचून दाखवा म्हणा. नाव आधारवर आहे तसंच. ओरिजनल कोणालाच नाही, अगदी ओळखीचा असला तरी नाही, झेरॉक्स द्या. डिस्चार्ज कार्ड, एको आणि ऑपरेशन नोट या तिन्हीचे फोटो बायकोच्या आणि तुमच्या, दोन्ही मोबाईलमध्ये ठेवा. ऑपरेशन नोट बहुतेक मागितल्याशिवाय देत नाहीत, दवाखान्यातून सुट्टी देतात त्या दिवशीच मागा.

अजून एक, ऑपरेशन व्हायचं आहे तोवर उन्हाची काळजी घ्या. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत अशा निळ्या पडणाऱ्या लेकरांना पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, जुलाब-उलटी झाली तर घरी थांबून पाहत बसू नका. एकदम निळं पडायचा झटका आला तर पोराचे गुडघे छातीशी दाबून धरायचं तुम्हाला शिकवलंच असेल, आजीला पण शिकवा, शेतात गेल्यावर पोरगा तिच्याजवळ असतो ना.

तारीख वेचणीत आली तरी पुढं ढकलू नका, वेचणीला माणसं भेटतात. आणि तो तालुक्यातला माणूस नेमक्या कोणत्या कागदावर सही मागून राहिला ते मला मेसेजमध्ये सांगा, इथं फोटो टाकू नका, त्यात पोराचं नाव-नंबर दिसतं.