तिसरा टर्बो घेण्याआधी

गेले दोन महिने टपालात टर्बोच टर्बो आहे. पत्रं इंदूरच्या रामबागेतून येतात, सुदामानगरातून येतात, महूहून येतात. गोंधळ मात्र एकच. टर्बो म्हणजे वरून लावायचा पंखा, मोठा लावला की गाडी पळाली! खरं तर टर्बो इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्यामुळे त्याचं बाकी इंजिनाशी जुळावं लागतं. म्हणून आज सगळी उत्तरं एकदाच देतो.

प्रश्न : माझी स्विफ्ट डिझेल ७५ अश्वशक्तीची आहे. याच १.३ मल्टीजेट इंजिनाच्या ९० अश्वशक्तीवाल्या प्रकारातला टर्बो बसवला तर ९० मिळतील ना? (रामबाग)

उत्तर : नुसत्या टर्बोने नाही. तुमच्या टर्बोत टर्बाइनभोवतीची (धुराने फिरणाऱ्या चाकाभोवतीची) वाट कायम तेवढीच असते. ९०वाल्यात पाकळ्या फिरून ती लहानमोठी करतात, आणि कधी किती फिरायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. मॅपिंग (ईसीयूमधले हवा-इंधनाचे हिशेब बदलणं) न करता बसवलात तर गाडी आहे त्याहून मठ्ठ होईल. मॅपिंग केलंत तर डिझेल वाढेल, मग क्लच घसरायची भीती. एवढं करून टॉर्क किती वाढतो? कंपनीच्याच आकड्यांत १९० चा २०० न्यूटन-मीटर. भेरूघाटाच्या चढावर हा फरक जाणवला तर मला जरूर कळवा. हौस फिटतच नसेल तर आधी इंजिनाचं कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या, मग मॅपिंग करणाऱ्या ट्यूनरशी बोला.

प्रश्न : चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा टर्बो टायमर लावावा का? (महू)

उत्तर : नको. घराजवळचे शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवा, तेवढ्यात टर्बो निवतो.

प्रश्न : बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवला की मायलेज वाढतं असं ऐकलं. खरं का? (पिथमपूर)

उत्तर : कोणाकडून ऐकलंत? बूस्ट विकणाऱ्याकडूनच ना? ताकद वाढवायला जास्त हवेबरोबर इंधनही जास्त घालावं लागतं. पेट्रोल गाडी असेल तर नॉकिंग होऊन (इंधन अवेळी भडकून) पिस्टन फुटायची भीती वेगळी. ज्याने इंजिन उघडून पाहिलंय अशाला विचारा.

प्रश्न : वर्षात दोन टर्बो गेले. दुसरा तर ३ हजार किलोमीटरही चालला नाही. दुकानदार म्हणतो, "भिया, इस बार बडा वाला डालो." घालू का? (सुदामानगर)

उत्तर : या प्रश्नाचीच मी वाट पाहत होतो. मोठा टर्बोही तसाच जाईल, कारण पहिला का गेला हे कोणी पाहिलेलंच नाही.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर क्षणभर तुटला तरी बेअरिंग खरवडलं जातं. तेल आणणारी लाइन बारीक असते आणि ती तापलेल्या टर्बोपाशी असते, म्हणून तेल आत जळून कोळसा होतो. मागे एका गाडीचा बँजो बोल्ट (ही लाइन जोडणारा पोकळ बोल्ट) काढून मी ट्यूबलाइटसमोर धरला. भोकातून उजेड दिसायला हवा होता. दिसली सुईच्या टोकाएवढी फट, आणि तिच्यात अडकलेली राखाडी सिलिकॉनची सुतळी. आधीच्या कारागिराने गॅस्केटचे पैसे वाचवायला ट्यूबमधलं सिलिकॉन फासलं होतं. टर्बोच्या ऑइल फ्लँजला (तेलाच्या लाइनच्या जोडाला) सिलिकॉन लावणाऱ्याच्या हातात पुन्हा गाडी देऊ नका.

दुसरी गोष्ट परतीची लाइन. तिच्यातून तेल फक्त उताराने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, पडतं, मागून दाब नसतो. पाइप मुडपला, किंवा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबून इंजिनातच दाब साठला, की तेल सीलमधून बाहेर येतं, सायलेन्सर निळा धूर टाकतो आणि चांगल्या टर्बोला नावं ठेवली जातात.

तेव्हा फीड लाइन, म्हणजे तेल आणणारी लाइन, धुऊन नव्हे, नवी लावा. तेल आणि फिल्टर बदला. इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) धुऊन घ्या, जुन्या पंख्याचे तुकडे तिथे दडलेले असतात. टर्बोत आधी तेल ओता, इंजेक्शन बंद ठेवून सेल मारा आणि तेल पोचलं हे डोळ्यांनी बघा. जुना टर्बो परत मागून घ्या. तोच रंगवून 'नवा' म्हणून विकणारे कमी नाहीत. आणि तिसऱ्यावर पैसे घालण्याआधी डिझेलच्या जाणत्या कारागिराकडून गेज लावून ऑइल प्रेशर मोजून घ्या.

प्रश्न : मोठ्या टर्बोची आरटीओत नोंद करावी लागते का? (राजवाडा)

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच म्हटलं. कलम १८२अ मध्ये दर बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीत आधी लेखी विचारा. "कुछ नहीं होता भिया" हे उत्तर लेखी मिळत नाही.

प्रश्न : माझी डिझेल गाडी महिनाभर शिट्टी मारतेय, इंटरकूलरच्या होजमध्ये तेल दिसतं. दिवाळीनंतर दाखवली तर चालेल? (लोकमान्यनगर)

उत्तर : नाही. होजमध्ये थोडा ओलावा चालतो. तेल साचलेलं असेल तर इंजिन तेच पिऊन पळायला लागू शकतं. मग चावी काढली तरी बंद होत नाही, आरपीएम आपोआप चढत जातो. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ती बंद पाडावी लागते. नाही जमलं तर लांब पळा, बॉनेट उघडायला जाऊ नका. आज चालू न करता टो करून गॅरेजला न्या.