‘चालेल’ म्हणण्याची सवय सोडताना

तुम्ही लिहिता की, सोलापूरहून पुण्यात नोकरीला येऊन दोन वर्षे झाली, तरी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तोंड उघडायचे म्हटले की छाती धडधडते. प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवता, बोलीतला हेल लपवता, कोणी काहीही सुचवले तरी ‘चालेल’ म्हणता आणि रात्री अंथरुणात दिवसभराच्या बोलण्याची उजळणी करत राहता. हा स्वभावदोष आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मुळीच नाही.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये या भीतीची जी मांडणी केली, तिच्यात अशा घोळवण्या-लपवण्याला मोठे स्थान आहे. त्याने तेवढ्यापुरते निभावते. पण सुट्टी नीट पार पडली तरी मन त्याचे श्रेय लपवण्यालाच देते आणि ‘मी आहे तशी बोलले असते तर लोक हसले असते’ ही समजूत कधी तपासलीच जात नाही. मला अधिक वाईट याचे वाटते की, कोणी आपुलकीने वागले तरी ती आपुलकी तुम्हाला आपली वाटत नसणार.

म्हणून आधी धीट होऊ आणि मग बोलू, असे म्हणत थांबू नका. जिथे भीती सर्वांत कमी, तिथून लपवणे सोडायला लागा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आवडत असूनही तुम्ही ऑफिसात मुद्दाम पोळीभाजी नेता, असे पत्रात आहे. तोच डबा उद्या न्या आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीपुढे करा. काय होईल असे वाटते ते सकाळी कागदावर लिहा, संध्याकाळी त्याखाली प्रत्यक्ष घडले तेवढेच लिहा. हे अंगवळणी पडले की चहाला कुठे जायचे ते ठरताना ‘मला तिथे नको, फार गर्दी असते’ एवढे न घोळवता म्हणा, आणि ‘काय करायलीस?’ तोंडून निघून गेले तर ते सुधारू नका. एखादा हसेलही, तेव्हा उठून न जाता धडधड ओसरेपर्यंत तिथेच बसा. घरच्या अडचणी मात्र कोणाला सांगायच्या हे तुम्हीच ठरवायचे. मोकळेपणासाठी त्या उघड करण्याची गरज नाही.

भीतीपोटी तुम्ही बढतीची मुलाखत टाळलीत, त्यामुळे केवळ या सरावावर विसंबू नये असे मला वाटते. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी या त्रासावर उपयोगी ठरते. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीत, विनामूल्य बोलता येते. पुढची मुलाखत जाहीर होण्याआधी तो फोन करा.