शाकाहारी आहे, तब्येत सांभाळून वजन कमी करायचंय. पोळी-भात बंद केला तरी काटा हलत नाही. काय करू?

आधी पोळी-भात परत सुरू करा. तीन वर्षांपूर्वी मीही हाच उद्योग केला होता. फळं, काकडी, ताक, बस्स. तीन आठवड्यांत चार किलो उतरले, केस मात्र मूठमूठ गळायला लागले. दिवाळीनंतर वजन होतं तिथंच परत.

मी सांगलीची, वय 44. स्वयंपाक माझ्याच हातात, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. एकदा वही घेऊन हिशोब मांडला. आम्ही चौघं, महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा. म्हणजे साडेचार किलो तेल, माणशी रोज 37-38 ग्रॅम. ग्रॅमला 9 कॅलरी धरा, 340 च्या आसपास नुसत्या फोडणीत आणि तवंगात! वर दाण्याचं कूट. ते आपल्याकडं कशात नसतं? मूठभर दाणे, 30 ग्रॅम धरले तर 170 कॅलरी. दाणे वाईट नाहीत हो, पण ते कुणी मोजत नाही आणि आळ येतो बिचाऱ्या भाकरीवर.

आता तीन लिटरमध्ये महिना भागवते. सासूबाईंनी पंधरा दिवस आमटीकडं बघून नाक मुरडलं, मग सवय झाली.

दुसरी चूक पातळ वरणाची. वाटीभर वरणात डाळ असते जेमतेम 20 ग्रॅम, त्यातून प्रथिनं मिळतात पाचेक ग्रॅम. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम तरी हवीत. म्हणून आमच्याकडं आता मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, चवळी आणि अख्खा मसूर. मसूर घरचा बरं का, ढाब्यावरचा तेलात पोहत असतो. सोबत वाटीभर घट्ट दही. एवढं जेवलं की चार वाजता डब्याकडं हात जात नाही.

संकष्टीचं तर विचारू नका. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, चंद्रोदयाला मोदक, आणि वर आपण उपवास केला म्हणायचं! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. मी आता भगर आणि ताक घेते, तेही एकदाच.

सकाळी आमराईत 40 मिनिटं चालते. त्यानं वजन फार उतरलं असं नाही, झोप मात्र सुधारली.

74 वरून 67 वर यायला आठ महिने लागले. तुमचा काटा अजिबातच हलत नसेल तर थायरॉईड तपासून घ्या. बी-12 पण बघा. आपल्याला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. माझं कमी निघालं होतं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

आणि भडंग सोडलेलं नाही. सांगलीत राहून ते जमणारही नाही. फक्त पुडा समोर घेऊन बसत नाही, एक वाटी काढून घेते, वर कांदा-कोथिंबीर, आणि पुडा सासूबाईंच्या कपाटात.