चंची धुऊ नकोस

पत्र:

"मावशी, आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी भागात. माघात सासरे गेले. मे महिन्यात वाटणी झाली आणि आम्ही बेळगावला, वडगावात दोन खोल्यांत भाड्यानं आलो. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. मुलगा दहा वर्षांचा. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होता, आता पाचवीला इंग्रजी माध्यमात घातलाय. सासऱ्यांचा तो शेपूटच होता. ते सिरीयस झाले तेव्हा आम्ही त्याला माझ्या माहेरी पाठवलं. परत आणला तोवर बारावं उरकलं होतं. 'आज्जा देवाघरी गेला' एवढंच सांगितलं. तो रडलाही नाही. जूनपासून दर सोमवारी पोट दुखतंय म्हणतो. वर्गात तोंड उघडत नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या दप्तरात सासऱ्यांची तंबाखूची चंची सापडली आणि मला शाळेत बोलावून घेतलं. लाजेनं मेल्यासारखं झालं. घरी येऊन दोन फटके दिले, चंची ट्रंकेत लपवली. धुऊन टाकावी म्हणते. थोरल्या दिरांशी बोलणं नाही, म्हणून यंदा गणपतीला गावी जायचं नाही असं ठरतंय. मिस्टर म्हणतात, पोरगं फार मऊ आहे, घट्ट व्हायला पाहिजे. त्याला घट्ट कसं करू?"

– एक आई, वडगाव

पोरी, चंची तू पत्रात शेवटाकडे लिहिलीस. मी तिथूनच सुरू करते.

ती धुऊ नकोस. आतली तंबाखू आणि चुन्याची डबी तेवढी काढून घे, सुपारीचं खांड राहिलं असलं तर राहू दे. आज संध्याकाळी त्याच्यासमोर ट्रंक उघड आणि चंची त्याच्या हातात दे. म्हण, "मारलं ते माझं चुकलं. ही तुझी. शाळेत न्यायची नाही, उशाशी ठेव." तंबाखू खायची असती तर पोरानं टपरीवरची पुडी आणली असती. कळकट चंची तो दप्तरात घालून फिरत होता ती वासासाठी. धुतलीस तर त्याच्या हाती साबणाचा वास येईल. साबणाला आज्जाचा वास येत नाही.

आता पोटाचं. तीस वर्षं मराठी शाळेत पोरं शिकवली, सोमवारची पोटदुखी मी लांबून ओळखते. रविवारी दोन भाकऱ्या जिरवणारं पोर सोमवारी रिक्षाचा हॉर्न ऐकून पोट धरून बसतं. घरचे म्हणतात सोंग. सोंग नसतं ते, खरंच दुखतं. मनात भीती शिरली की आतडी आवळतात. परीक्षेच्या दिवशी तुलाही दोनदा परसाकडे धावावं लागलं असेलच की. तरी एकदा डॉक्टरला दाखव, जंत असतील, पोट साफ होत नसेल. आणि हळूच विचार, शाळेतल्या संडासात जातोस का? नव्या शाळेत कित्येक पोरं दिवसभर दाबून बसतात, सांगायला लाजतात. पुष्कळ पोटदुख्या तिथंच सापडतात.

मग बोटं मोजत बस. माघापासून जूनपर्यंत या पोराचं काय काय गेलं? आज्जा गेला. घर गेलं, अंगण गेलं. एका ताटात जेवणारी चुलत भावंडं गेली. शाळा गेली, आणि शाळेबरोबर भाषाही. आज्जाच्या मागं चिखलात उभं राहायचं, ती यंदाची नट्टी, म्हणजे भाताची लावणी, त्याच्याविना झाली. यातली कुठली गोष्ट त्याला आधी सांगितली होती? तुझ्या पत्रात मला एकही दिसली नाही. पोरगं मऊ नाही गं, बेसावध सापडलंय. पाच महिने दर वेळी मागून धक्का बसतोय, तर चालणार कसं?

मी सात वर्षांची असताना आम्ही निपाणी सोडली. मला सांगितलं, बेळगावला आत्याकडे जायचंय, कुंदा खायला. कुंदा मिळाला, पण आम्ही परत गेलोच नाही. माझी शेळी निपाणीला शेजाऱ्यांकडे राहिली. आज साठी उलटली, पण कुंद्याचा पहिला घास तोंडात गेला की मला त्या शेळीची आठवण येते. वडिलांची काय अडचण होती ते मोठेपणी कळलं आणि पटलंही. पण त्यांनी आदल्या रात्री सांगितलं असतं तर मी शेळीला भेटून तरी आले असते.

घट्ट कसं करू, असं विचारतेस. अमेरिकेतल्या एमी वर्नर या बाईंनी हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं चाळिशीपर्यंत नजरेखाली ठेवली. त्यात गरिबीत, भांडणतंट्यात, आजारी आईबापांच्या घरात वाढलेली मुलंही होती. अशा ज्या मुलांचा पाय जास्त खोलात होता, त्यांतलीही तिसरा हिस्सा मुलं चांगली उभी राहिली. त्या मुलांमागं बहुतेक एक तरी माणूस होतं. आई, आजी, मावशी, मास्तर, कुणीही, पण न सोडणारं. तुझ्या पोराचं ते माणूस माघात गेलं. त्या जागी आता कुणीतरी बसायला हवं, आणि तो मान मी तुझ्या मिस्टरांना देईन.

कारण त्यांचाही बाप गेलाय. ते फौंड्रीतून येतात, जेवतात, झोपतात, बापाचं नाव काढत नाहीत. पोर हे बघतंय. आज्जाबद्दल या घरात बोलायचं नसतं, एवढं त्याला त्यावरून कळलंय. मग तो कुणापुढं रडणार? म्हणून सुट्टीच्या दिवशी दोघांनी त्याला जवळ घेऊन बसा आणि मिस्टरांनीच सांगू दे. आज्जाला काय झालं होतं, कुठल्या दवाखान्यात ठेवलं, शेवटी कोण जवळ होतं, तुला का पाठवलं. "आम्हाला वाटलं तू घाबरशील. तुला ठेवायला पाहिजे होतं." सांगताना त्यांचा गळा भरून आला तर येऊ दे, पोरासाठी ते बरंच आहे. दहाव्या वर्षी मूल मेलेलं माणूस परत येत नाही हे जाणतं. आपलं काही चुकलं का, हा किडा मात्र आत वळवळत राहतो. माझ्या वर्गातला एक मुलगा आजीशी भांडण केलं म्हणूनच ती गेली, असं वर्षभर मनात धरून बसला होता. कुणी विचारलंच नव्हतं. तुझा आज्जा आजारानं गेला, तुझ्यामुळं नव्हे, हे वाक्य स्पष्ट उच्चारा.

आणि गणपतीला जा. दिरांशी बोलणं नसेना का. वाटणी तुम्ही भावाभावांनी केलीत, त्या पोरानं नाही केली. वर्षात मयत झालंय म्हणून यंदा घरात साधंच असेल, तेही चालेल. दीड दिवस जा. निघायच्या आठवडाभर आधी त्याला सांग की जायचंय, काका कदाचित आपल्याशी बोलणार नाहीत, आज्जाची जागा रिकामी दिसेल, तुला वाईट वाटेल, मलाही वाटेल. दीड दिवसात मिस्टरांनी त्याला घेऊन सरण रचलं होतं तिथं जावं. अस्थी मलप्रभेत सोडल्या असतील तर नदीवर जावं, त्याच्या हातानं फूल सोडू दे. बारावं चुकलं ते चुकलंच, पण निरोपाला मुदत नसते. तिथून परतताना तो गप्प असेल. गप्प राहू दे, उगाच वेफर्सचं पाकीट पुढं करू नका.

शाळेचं थोडक्यात. पुस्तक इंग्रजी, मैदानात कन्नड, घरात मराठी, एवढं एकदम अंगावर आल्यावर कुणाचीही जीभ टाळ्याला चिकटेल. वर्गात तो ऐकतोय, साठवतोय. काही महिने असं गप्प राहणं नवलाचं नाही. त्याच्यामागं ट्यूशन लावू नकोस. वडगावात गल्लीगल्लीत मागवाले आहेत, त्यांची कन्नड बोलणारी पोरं दारातच खेळतात. एकाला रविवारी जेवायला बोलाव. "ऊटा आतेनु?" (जेवण झालं का?) एवढं तुलाही येतंय की! एक दोस्त झाला की कन्नड आपोआप येईल. मराठी मात्र घरात सोडायची नाही, शाळेनं "घरीही इंग्लिश बोला" म्हटलं तरी. आणि सीमेचं भांडण १९५६ पासून चाललंय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे; ते आपल्यासारख्या मोठ्यांनी ओढायचं, पाचवीच्या दप्तरात घालायचं नाही.

पुढं घर बदलो, शिफ्ट बदलो, बाळंतपण येवो, त्याच्या कानावर आधी घालत जा. आणि त्यातलं काहीतरी त्याला ठरवू दे. कुठल्या भिंतीला झोपायचं, एवढं असलं तरी पुष्कळ. दिवसातली एक गोष्टही पक्की धर, काही झालं तरी मोडायची नाही अशी. रात्री अंथरुणात दहा मिनिटं आज्जाच्या गोष्टी, हेही चालेल. तुला येत नसतील तर त्याला सांगायला लाव, तुझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतील.

दिवाळीपर्यंत पोट दुखतच राहिलं, अन्न तुटलं, झोप उडाली, तर सिव्हिलमध्ये मुलांच्या डॉक्टरला दाखवून मानसोपचाराच्या डॉक्टरचा सल्ला घे. "मला आज्जाकडे जायचंय" असं म्हणाला तर दिवाळीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी ने. धारवाडला मनोरुग्णांचा दवाखाना आहे म्हणून आपल्याकडे धारवाडचं नाव काढलं की लोक चेष्टा करतात, करू देत. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा फोन नंबरही आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीसुद्धा उचलतात. तुझ्यासाठीही फिरवलास तरी चालतो. एवढ्या लांबलचक पत्रात स्वतःबद्दल तू एक ओळ लिहिलेली नाहीस, ते माझ्या लक्षात आलंय.

हे उत्तर मिस्टरांना वाचून दाखव. ऐकत नाही म्हणाले तर त्यांच्या डब्याखाली घडी घालून ठेव.

– मावशी