जुनी मांजर, नवे पिल्लू आणि कूलरची खोली

"पिल्लू परत देऊन टाकावं का?" मी मांजरांच्या वागणुकीबाबत समुपदेशन करते आणि उन्हाळा लागला की हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येऊ लागतो. मांजरींच्या विणीचे दिवस असतात. कोणाच्या जिन्याखाली, कोणाच्या गाडीच्या बॉनेटमध्ये पिल्लू सापडते, दया येऊन घरी आणले जाते आणि आधीपासून घर सांभाळून असलेली मांजर त्याला पाहताच अंग फुगवून फिस्कारते. विचारणाऱ्यांच्या आवाजात भीतीपेक्षा अपराधीपणा अधिक असतो. अशा वेळी मला प्रतापनगरातील एका काकूंचे घर हमखास आठवते.

काकू निवृत्त शिक्षिका, त्यामुळे सूचना पाळण्यात काटेकोर. पिल्लू स्वतंत्र खोलीत होते, त्याची भांडी आणि शी-शूसाठीचा मातीचा ट्रे वेगळा होता, पशुवैद्यांकडून तपासणीही झाली होती. तरीही १२ दिवसांनंतर त्यांची सहा वर्षांची राणी बंद दारासमोर बसून गुरगुरत होती आणि तिचे खाणे निम्म्यावर आले होते.

"सांगितलं तसंच केलं मी, मॅडम. तरी दिवसभर फिस्कारूनच राहिली ना ती."

"फिस्कारली की तुम्ही काय करता?"

"रागावते. काल तर पाणीही शिंपडलं."

इथे माझा कल उघड करायला हरकत नाही. पावलोव्हच्या प्रयोगातील कुत्र्याला जशी घंटा आणि अन्न यांची सांगड शिकावी लागली, तशीच सांगड मांजरही घालते, यावर माझा विश्वास आहे. पिल्लाचा वास आला की आपल्याला बोलणी बसतात, एवढेच राणी शिकत होती. फिस्कारणे हा हल्ला नसतो. 'जवळ येऊ नकोस' एवढेच त्यातून सांगायचे असते. ते सांगण्याची सोयच काढून घेतली, तर मांजर न सांगता पंजा मारते. काकूंना हे लगेच पटले, रागावणे त्याच दिवशी थांबले, पण राणी दारासमोरून उठली नाही. तेव्हा मी घरी जायचे ठरवले.

मे महिना होता आणि पारा ४५ अंशांवर गेलेला होता. हॉलमध्ये पंख्याखाली, मांजरीच्या उंचीवरून घर कसे दिसते हे पाहण्यासाठी मी फरशीवर बसले. (ही माझी जुनी सवय आहे आणि तिने मला क्वचितच निराश केले आहे.) राणी त्या दारापासून हातभर अंतरावर होती. तिच्यासमोर पडलेला वर्तमानपत्राचा कोपरा एकसारखा थरथरत होता. मी दाराच्या फटीशी हात धरला, तर गार, ओलसर, वाळ्याच्या वासाचा झोत हाताला लागला.

"काकू, या खोलीत कूलर आहे का?"

"हो तर. एवढंसं पिल्लू उकाड्यात कसं ठेवायचं?"

"आणि पिल्लू येण्याआधी तिथे कोण झोपायचं?"

काकू थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "राणीच. दर उन्हाळ्यात त्या कूलरसमोरच पडलेली असते."

कूलर बाहेरची हवा खेचून खोलीत ढकलतो आणि खिडक्या बंद असतील, तर ती हवा दाराखालूनच बाहेर पडते. वासाची ओळख चिमूटचिमूट करून द्यावी असे मी सांगितले होते. प्रत्यक्षात तो वास दिवसभर राणीच्या नाकावर आदळत होता, आणि तोही तिच्या हक्काच्या जागेतून. गालांच्या ग्रंथींचा वास घासून मांजर आपली जागा आपलीशी करते. त्या खोलीतील पलंगाच्या पायांवर सहा वर्षांचा राणीचा वास होता आणि त्यावर आता एक अनोळखी पिल्लू अंग घासत होते. पिल्लाला कोणती खोली द्यायची, यावर मी बोलले होते. ती खोली मुळात कोणाची आहे, हे विचारायचे मात्र माझ्याकडूनही राहिले होते. तेव्हापासून हा माझा पहिला प्रश्न असतो.

पिल्लू मागच्या खोलीत गेले. तिथे जावयांकडचा छोटा कूलर आला आणि हवा मागच्या बाजूने निघून जावी म्हणून खिडकी जाळी लावून उघडी ठेवली. कूलरची खोली पुसून राणीला परत मिळाली. तिने प्रथम पलंगाचे चारही पाय घासून काढले. त्यानंतर पिल्लाच्या गालांवरून फिरवलेला सुती रुमाल राणीच्या वाटीपासून दूर ठेवायचा आणि ती शांतपणे जेवली, तरच तो दुसऱ्या दिवशी वीतभर जवळ सरकवायचा, एवढाच कार्यक्रम ठेवला. मग दाराच्या दोन बाजूंना दोन वाट्या, मग जाळीआडून दर्शन. कोणत्याही टप्प्यावर खाणे थांबले की एक पायरी मागे यायचे. मांजरीने पूर्ण दिवस तोंडात काही घेतले नाही, तर मात्र समुपदेशकाला फोन करू नये, थेट पशुवैद्यांकडे जावे. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. लसीकरणाचेही तसेच. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पिल्लाचे डोस सुरू होतात आणि ते मध्येच सोडू नयेत.

पाचव्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "दोघं एका खोलीत झोपून राहिले, पण एकमेकांना चाटत नाहीत हो."

मी सांगितले की मांजराचा रानटी पूर्वज एकटा शिकार करणारा आहे, तेव्हा चाटतीलच असे नाही; दोन हातांच्या अंतरावर निवांत झोपणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. मग मी ट्रे मोजायला लावले. दोन मांजरांना तीन हवेत, आणि काकूंकडे अजून दोनच होते. तिसरा दिवाणाखाली बसेल की नाही, याचे माप घेऊन कळवते, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.